'अपघात' कशाला म्हणायचं? विमानप्रवास, पायातली गुठळी आणि कायद्यातला एक शब्द

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय ६७. अमेरिकेत लेकाकडे चार महिने राहून नुकत्याच परतल्या होत्या. पंधरा तासांचं थेट विमान आणि खिडकीजवळची सीट. "शेजारचे दोघं गाढ झोपलेले. त्यांना सारखं काय उठवायचं, म्हणून मी पाणीच कमी प्यायले. म्हणजे बाथरूमला जायला नको," असं त्यांनी मला अगदी शहाणपणा केल्यासारखं सांगितलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. चौघींनी चार प्रकारची तेलं सुचवली, ती चोळून झाली. सहाव्या दिवशी पाय टम्म सुजला तेव्हा त्या दवाखान्यात आल्या. डॉपलर सोनोग्राफीत मांडीपर्यंत गेलेली गुठळी दिसली. हीच डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे डीव्हीटी. (पोटरी अशी एकाच बाजूची दुखत-सुजत असेल तर ती चोळू नका. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं.)

रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली, सूज उतरू लागली. मग एका रात्री त्यांच्या मुलाचा फोन आला. "डॉक्टरकाका, आईला हे विमानात बसूनच झालं ना? मग विमान कंपनीवर केस करता येईल का?"

मी म्हटलं, बाबा, मी डॉक्टर आहे, वकील नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे चार रविवार मी यावर वाचत बसलो आणि जे सापडलं ते मला औषधशास्त्राइतकंच रंजक वाटलं. सगळा प्रश्न एका शब्दावर येऊन थांबतो, आणि तो शब्द आहे 'अपघात'. हा शब्द १९२९ साली एका करारात घातला गेला आणि आज जवळजवळ शंभर वर्षांनी तोच माझ्या पेशंटचं उत्तर ठरवतो.

गुठळी आधी, विमान नंतर

आधी वैद्यकाची बाजू सांगतो. बसून राहिल्याने गुठळी होते हे डॉक्टरांना विमानामुळे कळलेलं नाही. १९४० साली लंडनवर जर्मन बाँबफेक चालू असताना लोक रात्र-रात्र निवाऱ्यांत बसून काढत. बसायला घडीच्या कापडी आरामखुर्च्या. त्यांची पुढची लाकडी दांडी मांडीखाली रुतायची आणि पायाकडून वर येणारं रक्त अडायचं. कीथ सिम्पसन या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की, निवाऱ्यात रात्र काढून सकाळी उठलेली माणसं अचानक कोसळून मरताहेत आणि त्यांच्या फुप्फुसात गुठळ्या सापडताहेत. त्यांनी ते त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये छापलं. बसण्याऐवजी आडवं होण्याची सोय करा, हा त्यावरचा साधा उपाय.

विमानाचा उल्लेख १९५४ साली आला. बोस्टनचे सर्जन जॉन होमन्स यांनी बराच वेळ बसून राहिल्याने पायात गुठळी झालेल्या काही रुग्णांची माहिती लिहिली. त्यांतला एक रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि बोस्टनहून काराकासला चौदा तासांचा विमानप्रवास करून गेला होता. पुढे १९७७ मध्ये 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हे नाव निघालं. मला ते नाव कधीच आवडलं नाही. बिझनेस क्लासमध्ये झोपलेल्यालाही गुठळी होते आणि मुंबई-नागपूर बसमध्ये बसलेल्यालाही होते. गुठळीला तिकिटाचा वर्ग कळत नाही.

तेवीस वर्षं हे नाव बहुतांशी वैद्यकीय नियतकालिकांतच राहिलं. २००० च्या ऑक्टोबरमध्ये सिडनीचं ऑलिंपिक बघून लंडनला परतलेली २८ वर्षांची एक निरोगी मुलगी हीथ्रो विमानतळावर उतरताच कोसळली आणि गेली. सगळ्या वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलली. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात अनेक प्रवाशांनी आणि मृतांच्या नातेवाइकांनी विमान कंपन्यांवर दावे लावले. त्यांचं म्हणणं असं की, कंपन्यांना धोका माहीत होता, सीटमधली जागा अपुरी होती, तरी त्यांनी सावध केलं नाही.

ऐकायला रास्त वाटतं ना? मलाही वाटलं. पण कोर्टात उभं राहताना त्यांना आधी १९२९ चा उंबरठा ओलांडायचा होता.

वॉर्सा, १९२९

त्या काळी विमानं लहान, कंपन्या त्याहून लहान. एक विमान पडलं आणि सगळ्या वारसांनी भरपाई मागितली, तर कंपनीच बुडायची. शिवाय प्रवासी एका देशाचा, विमान दुसऱ्याचं आणि पडलं तिसऱ्याच देशात, तर कायदा कोणाचा लावायचा? हा घोळ मिटवायला १२ ऑक्टोबर १९२९ रोजी पोलंडच्या राजधानीत एक करार झाला. तोच वॉर्सा करार. त्यात एक सौदा होता. कंपनीची चूक प्रवाशाने सिद्ध करत बसायचं नाही, कंपनी जबाबदार आहे असंच धरायचं. आपण सर्व खबरदारी घेतली होती हे कंपनीने दाखवायचं. त्या बदल्यात भरपाईला कमाल मर्यादा, माणशी १,२५,००० सुवर्ण फ्रँक. हा फ्रँक म्हणजे ६५.५ मिलिग्रॅम सोनं, शुद्धता हजारात ९००. (माणसाच्या जिवाची किंमत मिलिग्रॅममध्ये लिहिलेली बघून मला प्रिस्क्रिप्शनच आठवलं.) पुढची कित्येक वर्षं ही रक्कम जेमतेम ८,३०० अमेरिकन डॉलर धरली जात होती.

भारतात हा करार १९३४ च्या कायद्याने आला. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान मुंबईला जुहूच्या माळावर उतरवलं, त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पुढे १९७२ चा 'कॅरेज बाय एअर' कायदा आला आणि तो आजही चालू आहे.

आता तो शब्द. कराराचं १७ वं कलम म्हणतं की, प्रवाशाचा मृत्यू किंवा शारीरिक इजा ज्या 'अपघाता'मुळे झाली, तो विमानात किंवा चढता-उतरताना घडलेला असेल तर कंपनी जबाबदार. १८ वं कलम सामानाबद्दल आहे. तिथे 'अपघात' हा शब्द नाही, नुसती 'घटना' आहे. म्हणजे सुटकेसला इजा झाली तर काहीतरी घडलं एवढं पुरे, पण सुटकेसच्या मालकाला इजा झाली तर 'अपघात' लागतो! आणि अपघात म्हणजे काय, हे करारात कुठेच लिहिलेलं नाही.

हा शब्द बदलायचा प्रयत्न झाला होता. १९७१ साली ग्वाटेमाला सिटीत झालेल्या मसुद्यात प्रवाशांसाठीही 'घटना' हा शब्द घातला होता; मात्र इजा निव्वळ प्रवाशाच्या स्वतःच्या प्रकृतीमुळे झाली असेल तर कंपनी सुटेल, अशी पुस्ती होती. मला डॉक्टर म्हणून ही रचना जास्त प्रामाणिक वाटते. पण तो मसुदा कधी अमलातच आला नाही.

एका कानाची गोष्ट

या शब्दाचा अर्थ अखेर ठरला तो एका कानामुळे. नोव्हेंबर १९८० मध्ये एअर फ्रान्सच्या विमानाने एक बाई पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघाल्या. विमान खाली उतरत असताना त्यांच्या डाव्या कानात जबरदस्त दडा बसला, दुखू लागलं, आणि त्या कानाने त्या कायमच्या बहिऱ्या झाल्या.

कानाचं काय होतं ते सांगतो. विमान उंचावर असताना केबिनमधला हवेचा दाब आपण साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर बसलो आहोत असा असतो. उतरताना तो वाढतो. कानाच्या पडद्यामागची हवा घशाशी जोडलेल्या एका बारीक नळीने बरोबरी साधते. ती नळी सर्दीने किंवा अन्य कारणाने उघडली नाही, तर पडदा आत ओढला जातो. म्हणून मी पेशंटना सांगतो की, नाक पूर्ण चोंदलेलं असेल तर शक्यतो प्रवास पुढे ढकला. जावंच लागलं तर उतरताना झोपू नका, घोट गिळत राहा, बाळाला दूध पाजत राहा.

त्या विमानातली दाबाची यंत्रणा अगदी नेहमीसारखी, ठीकठाक चालली होती. तिथेच दावा अडला. ४ मार्च १९८५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी व्याख्या लिहिली. तिचा आशय असा की, अपघात म्हणजे प्रवाशाच्या शरीराबाहेर घडलेली अनपेक्षित किंवा नेहमीपेक्षा वेगळी घटना. विमान नेहमीसारखं चाललं आणि प्रवाशाच्या शरीराने आतून वेगळा प्रतिसाद दिला, तर तो अपघात नव्हे.

ही व्याख्या जगभरच्या न्यायालयांनी उचलली. डीव्हीटीचे दावेही तिच्यावरच आपटले. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने जून २००५ मध्ये आणि इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ८ डिसेंबर २००५ रोजी सांगितलं की, विमान वेळेवर सुटलं, नेहमीसारखं उडालं, नेहमीसारखं उतरलं; बाहेर काहीच 'घडलं' नाही. सावध न करणं म्हणजे काहीतरी न घडणं, ती घटना नव्हे. इथे एक बारकावा आहे. कंपन्यांना धोका माहीत होता की नाही, यावर त्या न्यायालयांनी निवाडा दिलेलाच नाही. माहीत होता असं घटकाभर धरलं, तरीही दावा उभा राहत नाही, असं त्यांनी सांगितलं.

मग करार बाजूला ठेवून साध्या निष्काळजीपणाचा दावा लावला तर? तोही रस्ता बंद आहे. १९९० च्या ऑगस्टमध्ये लंडनहून कुवेतमार्गे मद्रास आणि पुढे क्वालालंपूरला जाणारं ब्रिटिश एअरवेजचं विमान नेमकं इराकी हल्ल्याच्या वेळी कुवेतला उतरलं आणि प्रवासी ओलीस धरले गेले. त्यांच्यापैकी काहींनी करारातली दोन वर्षांची मुदत उलटल्यावर सामान्य कायद्याखाली दावा लावला. हाउस ऑफ लॉर्ड्सने डिसेंबर १९९६ मध्ये तो फेटाळला. आंतरराष्ट्रीय विमानात झालेल्या इजेसाठी करार हाच एकमेव दरवाजा. तो उघडत नसेल तर दुसरा नाही.

नकारही घटना असू शकतो

एवढं वाचून मी पुस्तक मिटणार होतो. पण मग २००४ चा एक निकाल सापडला आणि तो वाचताना मी अस्वस्थ झालो, कारण त्यातला मृत प्रवासी माझ्यासारखाच डॉक्टर होता.

जानेवारी १९९८. या डॉक्टरांना दमा होता आणि सिगारेटच्या धुराने त्यांना त्रास होई. विमानांत धूम्रपान बंद करा असं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९२ सालीच सुचवलं होतं, तरी या ऑलिम्पिक एअरवेजच्या विमानात धूम्रपानाच्या रांगा होत्या आणि यांची सीट त्यांच्या पुढे फक्त तीन रांगा. पत्नीने हवाई सेविकेला सीट बदलून देण्याची विनंती केली. एकदा नाही, तीनदा. विमान पूर्ण भरलं आहे, असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात अकरा सीट रिकाम्या होत्या. धूर वाढला, दम लागला आणि डॉक्टर विमानातच गेले.

कंपनी म्हणाली, धूर तर त्या काळी नेहमीचाच, यात वेगळं काय घडलं? आजार त्यांचा स्वतःचा. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की, मदत मागूनही ती नाकारणं ही प्रवाशाच्या बाहेरची, नेहमीपेक्षा वेगळी घटना आहे, म्हणून हा अपघात आहे. विरोधी मत न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं आणि १९८५ ची व्याख्या लिहिणाऱ्या ओ'कॉनरबाई त्यांच्याच बाजूला होत्या! शब्द एकदा लिहून झाला की तो लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

दरम्यान वॉर्सा कराराची जागा २८ मे १९९९ च्या माँट्रियल कराराने घेतली. भारतात तो ३० जून २००९ पासून लागू आहे. भरपाईची जुनी मर्यादा गेली. आता १,५१,८८० एसडीआरपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने दोन लाख डॉलरपर्यंत, आपली चूक नव्हती असं म्हणून कंपनीला सुटता येत नाही. प्रवाशाचा स्वतःचा निष्काळजीपणा मात्र मोजला जातो. हा आकडा २८ डिसेंबर २०२४ पासूनचा. पण १७ व्या कलमात शब्द तोच राहिला, 'अपघात'. युरोपच्या न्यायालयाने तो थोडा सैल केला आहे. मायोर्काहून व्हिएन्नाला जाताना वडिलांच्या ट्रेवरची गरम कॉफी एका लहान मुलीच्या अंगावर सांडली. कप का कलंडला ते कधीच कळलं नाही. तरी डिसेंबर २०१९ मध्ये त्या न्यायालयाने हा अपघातच ठरवला. उडण्याशी संबंधित धोकाच असला पाहिजे असं नाही, म्हणाले. कॉफी बाहेरून आली. गुठळी आतून येते. फरक तेवढाच.

स्वतः वाचायचं असेल तर

हे सगळं वाचायला मला एक रुपयाही खर्च आला नाही. माँट्रियल कराराचा पूर्ण मजकूर आपल्याच १९७२ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे आणि तो केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' संकेतस्थळावर मिळतो. तिथून सुरुवात करा, कारण भारतीय न्यायालयात तोच मजकूर चालतो. भारतीय निकाल 'इंडियन कानून'वर शोधता येतात. ग्राहक आयोगाकडेही या कायद्याखाली दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मालवाहतुकीच्या एका खटल्यात म्हटलं आहे. कानाचा खटला ४७० यू.एस. ३९२ या क्रमांकाने आणि दम्याचा ५४० यू.एस. ६४४ या क्रमांकाने इंटरनेटवर लगेच सापडतो. इंग्लंडचे निकाल 'बेली'वर, ऑस्ट्रेलियाचे 'ऑस्टली'वर. डीव्हीटीचा इंग्लंडमधला निकाल म्हणजे २००५ चा यूकेएचएल ७२. जुना इतिहास हवा असेल तर १९३० पासून निघणारं 'जर्नल ऑफ एअर लॉ अँड कॉमर्स' चाळा. आजारी किंवा अपंग प्रवाशांसाठीचे भारतीय नियम डीजीसीएच्या 'सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स'मध्ये, विभाग ३, मालिका एम, भाग १ मध्ये आहेत. हे शेवटचं तरी प्रत्येक दमेकऱ्याने आणि व्हीलचेअर लागणाऱ्याने वाचावं. ब्लॉग आणि फॉरवर्ड वाचून केस लढवू नका, यात माझा ब्लॉगही आला. खरोखर दावा करायचा असेल तर वकील गाठा, आणि दोन वर्षं विमान उतरल्याच्या दिवसापासून मोजली जातात हे लक्षात ठेवा.

मुलाला मी फोन केला. आईला विचारलं होतं की, विमानात काही वेगळं घडलं का, सीट बदलून मागितली का, पाय दुखतो असं कुणाला सांगितलं का? सगळ्याला उत्तर 'नाही'. त्या गप्प बसून राहिल्या होत्या. त्यामुळे माझ्या समजुतीप्रमाणे त्यांची केस उभी राहत नाही. त्याने 'हं' म्हटलं आणि विचारलं, "मग पुढच्या वेळी काय करायचं?" हा प्रश्न माझ्या हद्दीतला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासात गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो चार तासांवरच्या प्रवासात सहा हजारांत एक इतकाच, म्हणून सगळ्यांनी घाबरायचं कारण नाही. ज्यांना आधी गुठळी झाली आहे, कॅन्सर आहे, नुकतंच गुडघ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं आहे, ज्या गरोदर आहेत किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांनी मात्र तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना भेटायचं. मापाचे स्टॉकिंग्ज किंवा प्रवासाआधीचं इंजेक्शन कुणाला लागतं हे डॉक्टर ठरवतील. 'रक्त पातळ करायला' म्हणून मनाने ॲस्पिरिन घेऊ नका. आजार असेल तर कंपनीचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म आधीच भरून द्या. विमानात त्रास झाला तर लगेच सांगा, नकार मिळाला तर पुन्हा सांगा, कुणाला किती वाजता सांगितलं ते लिहून ठेवा आणि बोर्डिंग पास फेकू नका.

बाई पुढच्या जूनमध्ये परत अमेरिकेला निघाल्या आहेत, नातवाची मुंज आहे. औषधांचा कोर्स कधीच पूर्ण झाला, परवा स्टॉकिंग्जचं माप घेतलं, लेकाने मार्गिकेकडची सीट आगाऊ पैसे भरून घेतली आहे. जाताना दारात थांबून विचारत होत्या, "डॉक्टर, मग किती वेळाने उठू?"

"दर दीड-दोन तासांनी. आणि पाणी प्या."

"आणि आतल्या बाजूचे दोघं?"

"आता तुम्ही कडेला आहात, बाई. उठवायचंच झालं तर ते तुम्हाला उठवतील."